बाळाच्या परीक्षेत आई नापास?

"किती महिन्यांचं झालं गं?"

"पाच संपले परवा."

"आणि अजून पालथं नाही पडत?"

मैत्रिणींनो, हा संवाद तुमच्या ओळखीचा असेल. बाळंतीण बाळाला घेऊन दाराशी उभी राहिली की तिसरं वाक्य हेच. गाव कुठलंही असो, वाडा असो, चाळ असो नाहीतर फ्लॅट. पाचव्या महिन्यात पालथं पडण्याची चौकशी, सातव्यात बसण्याची, आठव्यात दातांची, दहाव्यात उभं राहण्याची. आणि पहिला वाढदिवस जवळ आला, की "पाऊल टाकलं का?" हा शेवटचा पेपर!

मी राहते शीव कोळीवाड्यात. हार्बर लाइनवर आज जे गुरू तेगबहादूर नगर स्टेशन आहे, त्याचं जुनं नाव कोळीवाडा. मूळ वस्ती कोळ्यांची. फाळणीनंतर पंजाबी कुटुंबं आली, दक्षिणेकडची आली, घाटावरची आली. त्यातलीच मी एक. माहेर वाईकडचं, लग्न होऊन इथं आले त्याला आता बरीच वर्षं झाली. आमची गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या घरात बाळ शिंकलं तर "शतायुषी हो" म्हणायला आम्ही इकडून तयार. पोराला उचलायला दहा हात असतात, हे मोठं सुख. बाळंतीण आंघोळीला गेली, तर बाळ कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर असतंच. पण दहा हातांबरोबर दहा तोंडंही येतात. "काय गो, दात नाय आला अजून?" असं एक मावशी विचारते, तोवर दुसरी सांगते, "आमचा पोऱ्या या महिन्यात धरून उभा ऱ्हायला व्हता."

विचारणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं, हे मला ठाऊक आहे. तरी या परीक्षेचा निकाल कुणाच्या नावावर लागतो ते बघा. बाळ लवकर बसलं तर "आमच्या घराण्यातली पोरं चपळच." उशिरा बसलं तर "आईचं दूध पातळ असेल", "हिनं तेल नीट चोळलं नाही", "सारखी कडेवर घेते, मग कसं बसेल?" पास झालं की घराणं आणि नापास झाली की आई! दिवसाचे चोवीस तास जी त्या बाळाबरोबर असते, तिला आपण परीक्षेला बसवतो. खरं तर त्या बाळाची सगळ्यात जवळची साक्षीदार तीच असते. तिला विचारायचं, तिचं ऐकायचं, तर आपण तिला ऐकवत बसतो. माझी सगळी तक्रार एवढ्याचसाठी आहे.

आधी त्या तारखांचं बघू. जागतिक आरोग्य संघटनेनं घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या ८१६ निरोगी बाळांची पाहणी केली आणि २००६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधाराशिवाय बसणं कुणाला चौथ्या महिन्याच्या आतच जमलं, तर कुणाला नऊ महिने उलटल्यावर. हात-गुडघ्यांवर रांगणं सव्वापाच महिन्यांपासून साडेतेरा महिन्यांपर्यंत कधीही. कशाला न धरता चालणं कुणाचं सव्वाआठ महिन्यांत, तर कुणाचं साडेसतरा महिन्यांत! ही सगळी बाळं धडधाकट होती बरं का. शंभरातली साधारण चार बाळं तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. कुणी बसल्या बसल्या सरकलं, कुणी पोटावर सरपटलं, कुणी थेट उभं राहिलं, आणि पुढे चालायला लागलंच.

म्हणजे वाढदिवसाच्या दिवशी जे बाळ चालत नाही, ते मागे पडलेलं नाही. त्याला अजून पाच महिने हक्काचे आहेत! पण आपल्याकडे "वर्षाचं झालं की चाललंच पाहिजे" हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की चालायला शिकवायला म्हणून बाजारातून चाकांचा वॉकर येतो. वॉकरमध्ये बाळ पायांनी जमीन ढकलतं, स्वतःचा तोल सांभाळायला शिकत नाही. शिवाय उंबरा, पायरी, गॅसची शेगडी यांच्याकडे ते भलत्या वेगानं जातं. कॅनडानं २००४ साली या वॉकरच्या विक्रीवर सरळ बंदीच घातली. आपल्याकडे मात्र तो अजूनही हौसेनं भेट म्हणून येतो. जमिनीवरची स्वच्छ सतरंजी आणि बाळाला पालथं-उताणं लोळायला मोकळी जागा, याहून चांगला वॉकर नाही.

दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांच्या आयांचे हाल तर आणखी वेगळे. दोन महिने आधी जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, तर त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवायची, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. गल्लीत हा हिशेब कोण करतं? तिथे जन्मतारीख मोजली जाते आणि आई हिरमुसली होऊन घरात जाते.

आता वजनाकडे वळू. आईला बोल लावायला वजनकाट्याइतकं सोयीचं साधन दुसरं नाही. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं आणि दहा-पंधरा दिवसांत पुन्हा भरून येतं, हे आधी माहीत नसेल तर पहिल्याच आठवड्यात घरात धाबं दणाणतं. पुढचे तीन महिने रोज साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढतात. नंतर वेग मंदावतो आणि महिन्याला सरासरी ४०० ग्रॅमच्या आसपास येतो. पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट, हा ढोबळ हिशेब. म्हणजे सहाव्या महिन्यानंतर बाळ पूर्वीसारखं भराभर भरत नाही, हे निसर्गाचंच गणित आहे. पण नेमक्या याच वेळी "बारीक झालंय, दूध पुरत नाही वाटतं" सुरू होतं.

आणि गंमत ऐका. गंमत कसली, अन्यायच तो! १९७७ सालापासून जगभर वापरला गेलेला वाढीचा तक्ता अमेरिकेतल्या बाळांवरून बेतलेला होता आणि त्यांतली बरीच बाळं वरच्या दुधावर वाढलेली होती. अंगावर पिणारी बाळं पहिले दोन-तीन महिने झपाट्यानं वाढतात आणि मग त्यांचा वेग थोडा कमी होतो. त्या तक्त्यावर ठेवून पाहिलं की चांगलं सुदृढ बाळही चौथ्या महिन्यानंतर मागे पडल्यासारखं दिसायचं. मग सल्ला मिळायचा, वरचं दूध सुरू करा. किती आयांनी स्वतःच्या दुधावर संशय घेतला असेल, विचार करा. चूक तक्त्याची आणि बोलणी आईला! पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं सहा देशांतली, अंगावर पिणारी बाळं घेऊन नवे तक्ते बनवले. त्यांत आपल्या दिल्लीचीही बाळं होती. २००६ साली ते प्रसिद्ध झाले आणि २००९ मध्ये आपल्या अंगणवाड्यांसाठीही स्वीकारले गेले. तुमच्या हातातल्या माता-बाल संरक्षण कार्डावर ज्या रेषा छापलेल्या असतात, त्या याच.

ते कार्ड लसीच्या तारखेपुरतं उघडून परत गादीखाली ठेवू नका. दर महिन्याच्या वजनाचा ठिपका त्यावर लावून घ्या आणि ठिपके जोडून बघा. रेषा बाळाच्या स्वतःच्या वाटेनं वर चढत असेल, तर शेजारचं बाळ कितीही गुटगुटीत असलं तरी चिंता नको. रेषा सपाट झाली किंवा खाली वळली, तर मात्र बाळ दिसायला कितीही गोंडस असो, दवाखाना गाठायचा. तुलना करायचीच असेल तर ती या महिन्याच्या बाळाची गेल्या महिन्याच्या बाळाशी. डब्यावरच्या बाळाशी तर मुळीच नको. आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं बाळाच्या दुधाच्या पावडरची जाहिरात करायला आणि डब्यावर बाळाचं चित्र छापायला मनाई आहे, ती काय उगाच?

पण किलो आणि महिने यांच्या पलीकडे त्या वर्षात घरात काय काय घडत असतं! मला कुणी विचारलं, की पहिल्या वर्षात बघण्यासारखं काय, तर मी पालथं पडणं आणि चालणं ही दोन मोठी स्टेशनं सोडून मधल्या लहान लहान थांब्यांची नावं घेईन.

नुकत्याच जन्मलेल्या बाळाला वीतभर, फार तर फूटभर अंतरावरचंच जरा स्पष्ट दिसतं. पदराखाली घेतलं की आईचा चेहरा नेमका तेवढ्याच अंतरावर असतो! दीड-दोन महिन्यांचं झालं की ते तोंडाकडे बघून हसतं. झोपेतलं हसू वेगळं आणि हे वेगळं, हे आईला बरोबर कळतं. तिसऱ्या महिन्यात त्याला स्वतःचे हात सापडतात. मूठ डोळ्यांसमोर धरून ते असं निरखत बसतं, जसं सोनाराकडे आपण नवी बांगडी निरखतो. पाचव्या-सहाव्यात पाय सापडतात आणि अंगठा थेट तोंडात. एका हातातली वाटी दुसऱ्या हातात द्यायला जमली, की तासभर तोच उद्योग.

सातव्या-आठव्यात चमचा खाली टाकायचा खेळ सुरू होतो. आपण उचलून द्यायचा, त्यानं पुन्हा टाकायचा. आपला जीव मेटाकुटीला येतो. पण त्याच्या बाजूनं बघा. टाकलं की खालीच जातं, स्टीलचा चमचा एक आवाज करतो, प्लास्टिकचा दुसरा, आणि प्रत्येक वेळी आई वाकून उचलून देते. एवढे सगळे शोध त्याला एका चमच्यात लागतात!

याच सुमारास आणखी एक मोठी गोष्ट घडते. आधी खेळण्यावर फडकं टाकलं, की बाळाच्या लेखी ते खेळणं संपलं. आता ते फडकं ओढून खालचं खेळणं शोधून काढतं. दिसत नाही म्हणजे नाहीसं झालं असं नसतं, हे त्याला कळायला लागलेलं असतं. म्हणून तर पदराआड तोंड लपवून "कुकूच... भ्याँ" केलं की खिदळतं. आणि म्हणूनच आई नजरेआड झाली की भोकाड पसरतं, कारण ती कुठंतरी आहे, हे आता त्याला माहीत असतं. परका चेहरा दिसला की रडणंही याच महिन्यांतलं. गावाहून आजी येते, हौसेनं हात पुढे करते, बाळ आईच्या मानेत तोंड खुपसतं. लगेच शेरा, "हिनंच शिकवलंय, कुणाकडे जाऊ देत नाही." अहो, शिकवलं कुणीच नाही. ओळखीचा चेहरा आणि अनोळखी चेहरा यांतला फरक समजण्याइतकं ते शहाणं झालंय! आजीनं घाई न करता शेजारी बसून खुळखुळा वाजवावा. अर्ध्या तासात ते आपणहून सरकत येईल.

नवव्या-दहाव्या महिन्यात चिमूट जमते. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून ते जमिनीवरचा साबुदाण्याचा दाणा, पडलेली टिकली, मुंगीसुद्धा उचलतं आणि तोंडात घालतं. (तेव्हा केर दोनदा काढा आणि शेंगदाणे, मणी, बटणं हाताला लागू देऊ नका.) मग एक दिवस ते बोट दाखवतं. कावळा, पंखा, रुळांवरून जाणारी गाडी, आमच्याकडे तर टोपलीतला पापलेटसुद्धा! बोट दाखवून ते आधी वस्तूकडे आणि मग आपल्याकडे बघतं, "तुलाही दिसलं ना?" असं विचारल्यासारखं. अजून शब्द फुटलेले नसतात, पण गप्पा सुरू झालेल्या असतात. मला तर पहिल्या पावलापेक्षा हे पहिलं बोट मोठं वाटतं. पण त्याची तारीख किती घरांत लिहून ठेवलेली असते?

घरात बसून केलेल्या या नोंदी म्हणजे बायकांचा रिकामा वेळ, असं कुणाला वाटत असेल, तर सांगते. बाळांच्या बुद्धीची वाढ कशी होते, याबद्दल स्वित्झर्लंडच्या ज्याँ पियाजे यांनी जे सांगितलं ते जगभर शिकवलं जातं. ते त्यांनी १९२५ ते १९३१ या काळात जन्मलेल्या स्वतःच्या तीन मुलांना घरात रोज निरखून लिहिलं. त्यांच्या पत्नीही या निरीक्षणांत होत्या. आणि वर सांगितलेल्या त्या ८१६ बाळांच्या पाहणीतही, प्रशिक्षित कार्यकर्त्या ठरल्या वेळी घरी येऊन बघायच्याच, शिवाय घरात बाळ सांभाळणाऱ्यांनीही बाळ कधी बसलं, कधी उभं राहिलं हे आपलं आपण टिपून ठेवलेलं होतं. जगाला जे मोलाचं वाटलं, ते आपल्या घरात का वाटू नये?

याचं सर्वांत मोठं उदाहरण तर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. शीवचं लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालय, म्हणजे आपलं सायन हॉस्पिटल. आमच्या आणि धारावीच्या कित्येक पिढ्या तिथं जन्मल्या. कमी वजनाची, अपुऱ्या दिवसांची बाळं तिथं मोठ्या संख्येनं यायची आणि जंतुसंसर्गानं दगावायची. नवजात बाळांच्या विभागाच्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी बाळांना पावडरचं दूध देणं थांबवून आईच्या दुधाचा आग्रह धरला, आणि आईला बाळाच्या देखभालीत सामील करून घेतलं. जिला दाराबाहेर थांबवायचा प्रघात होता, तीच आत आली. संसर्ग कमी झाले, बाळं वाचू लागली. ज्या बाळाला आपल्या आईचं दूध मिळू शकत नाही, त्याला दुसऱ्या आईचं तरी मिळावं म्हणून १९८९ साली इथंच मानवी दुधाची पेढी उभी राहिली. अशी आशियातली ही पहिली पेढी. आया आपलं जास्तीचं दूध देतात, ते तापवून निर्जंतुक करून, गोठवून ठेवलं जातं आणि वॉर्डातल्या चिमुकल्या बाळांना पाजलं जातं.

पुढे २०२१ साली भारतासह पाच देशांतल्या मोठ्या अभ्यासातून दिसलं, की एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅम वजनाच्या बाळांना जन्मल्यावर लगेच आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवलं, तर मृत्यू साधारण चतुर्थांशानं कमी होतात. त्यासाठी अतिदक्षता विभागातच आईची खाट ठेवावी लागली. आई जवळ असणं, तिचं लक्ष असणं हे औषधासारखं काम करतं, हे आता मोजून दाखवलेलं आहे. मग दवाखान्यात तिला आत घ्यायचं आणि घरी आल्यावर तिला "तुला काय कळतं?" म्हणायचं, हे कसं चालेल?

कारण या न ऐकण्याची किंमत बाळ मोजतं. आमच्याच गल्लीतली एक सून. सासू पहाटे मासळी आणायला बाहेर पडायची, नवरा कामावर, ही दिवसभर बाळापाशी. बाळ पाच महिन्यांचं असताना तिच्या लक्षात आलं, की कुकरची शिट्टी झाली तरी ते दचकत नाही. मागून हाक मारली तर वळत नाही. समोर गेलं की मात्र अंगभर हसतं. घरात सांगितलं तर उत्तर आलं, "मुलगे उशिराच बोलतात. याचा बापही तीन वर्षांचा होईतो बोलला नव्हता." एका डॉक्टरांनीही "थोडं थांबून बघू" म्हटलं. ती थांबली नाही. वाटी-चमचा घेऊन ती रोज मागून वाजवून बघायची आणि कॅलेंडरवर टिपून ठेवायची. आठव्या महिन्यात ते कॅलेंडर घेऊनच ती तपासणीला गेली. बाळाला ऐकू येत नव्हतं. लवकर कळलं म्हणून कानाला यंत्र लागलं, बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे चकरा झाल्या. आज तो शाळेत जातो आणि गल्लीच्या टोकावरून मला "आजी" म्हणून हाका मारतो. ते कॅलेंडर तिनं अजून जपून ठेवलंय.

म्हणून "आपोआप होईल" आणि "अजून कसं नाही झालं" या दोन्ही टोकांपासून सांभाळा. बसणं-चालणं मागंपुढं होऊ शकतं, पण काही गोष्टींत वाट बघायची नसते. तीन महिने झाले तरी चेहऱ्याकडे बघून हसत नाही. मोठ्या आवाजाला दचकत नाही, हाकेकडे वळत नाही. पाचवा महिना आला तरी मान धरत नाही. नऊ महिने उलटले तरी आधाराशिवाय बसत नाही. वर्षाच्या आत एकच हात वापरतं आणि दुसरा मुठीत आवळून ठेवतं. डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसते. वर्षाचं झालं तरी बा-बा, दा-दा असे बोबडे आवाज नाहीत, बोट दाखवणं किंवा टाटा करणं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, आधी येत असलेली गोष्ट करायचं बंद झालं. यांतलं एक जरी दिसलं, तरी दाखवून घ्या. काही निघालं नाही तर उत्तमच.

तालुक्याच्या गावात हे कुठं दाखवायचं, असं म्हणाल. २०१८ पासून आशाताईंनी बाळ तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांचं असताना घरी येऊन वाढ बघायची, अशी सरकारी योजना आहे. त्या आल्या की चहा द्याच, पण मनातली शंका आधी बोला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याखाली जिल्ह्याच्या ठिकाणी अशा बाळांची तपासणी आणि उपचार करणारी केंद्रं काढली आहेत. ऐकण्याच्या तपासणीसाठी मुंबईत वांद्र्याला १९८३ सालची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. कार्ड आणि आपल्या नोंदी न्या. "मला असं वाटतं" यापेक्षा "बारा तारखेपासून मी रोज बघतेय" हे वाक्य टेबलापलीकडच्या माणसाला जास्त ऐकू जातं.

पण बघायला वेळ हवा ना! इथंच खरी गोम आहे. बाळ खेळवायला सगळे असतात आणि बाळाचे लंगोट धुवायला, भांडी घासायला, पोळ्या लाटायला आई असते. बाळ पहिल्यांदा बसतं तेव्हा ती मोरीत असते आणि बातमी तिला दुसऱ्याकडून कळते. नोकरीवालीला २०१७ च्या दुरुस्तीनं २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली खरी, पण मासळी विकणारीला, शेतावर जाणारीला, चार घरची धुणी-भांडी करणारीला ती कुठून मिळणार? तिच्यासाठी कायदा होईल तेव्हा होईल. तोवर घरातल्यांनी एवढं तरी करावं, की रोज अर्धा तास तिला बाळाशेजारी नुसतं बसू द्यावं. त्या वेळात पोळ्या दुसऱ्या कुणी लाटाव्यात. बाबांनीही लाटाव्यात, जगाच्या नकाशासारख्या झाल्या तरी चालतील! आणि आईनंही तो अर्धा तास मोबाइलला देऊ नये. बाळाचे फोटो हजार निघतात, पण फोटो काढताना बाळाकडे बघायचं राहूनच जातं.

एक साधी वही करा. नाहीतर किराणा दुकानातून मिळालेलं कॅलेंडरही पुरे. "आज फडकं ओढून वाटी शोधली." "आज कावळ्याकडे बोट केलं." "आज पहिल्यांदा गाजर थुंकलं." रोज एक ओळ. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी घरातल्या शाळकरी मुलीला सांगून लिहून घ्यावं. तिलाही कळेल, की माणूस कसा वाढतो. वाढदिवसाला हॉल, केक, फुगे, ज्यांना झेपतं त्यांनी जरूर करावं. पण त्या दिवशी जमलेल्या नातेवाइकांत ती वही वाचून दाखवा. मला खात्री आहे, की केकपेक्षा जास्त गर्दी तिच्याभोवती होईल.

आणि आपण सगळ्या, आज्या, माम्या, काकवा, शेजारणी, जाता-येता दारातल्या बाळंतिणीशी दोन शब्द बोलणारच. बोलायलाच हवं, नाहीतर गल्लीत राहून उपयोग काय? फक्त प्रश्न तेवढा बदलू या. "अजून चालत नाही?" हे गिळून टाकायचं. त्याऐवजी तिच्याजवळ दोन मिनिटं टेकायचं आणि विचारायचं, "आज काय नवीन केलं गं बाळानं?" मग बघा, ती किती बोलते ते.